शब्द आईचा, सातबारा बापाचा

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे दोन फॉर्म भरायची घाई होते. पहिला कॉलेजच्या प्रवेशाचा, आणि त्याच्या मागोमाग पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिपचा. दुसऱ्या फॉर्मला कुणी फॉर्म म्हणत नाही. त्याला बायोडाटा म्हणतात.

मुलाच्या बायोडाट्यात एक ओळ हमखास असते : ‘शेती – ५ एकर, बागायत’. मुलीच्या बायोडाट्यात उंची असते, रंग असतो, रास-नाडी असते, मामांची नावं असतात. शेतीची ओळ असलीच तर ती वडिलांच्या नावापुढं. तिच्या नावापुढं नाही. हा कागद मग समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतो, नाहीतर मॅट्रिमनीच्या अ‍ॅपवर चढतो.

मॅट्रिक आणि मॅट्रिमनी. म्हणून बघा एकदा. दोन्ही शब्द भाऊ-बहीण वाटतात ना? आहेतच. एका आईच्या पोटचे आहेत, आणि ती आई म्हणजे खरोखरच ‘आई’ हा शब्द आहे. ही ओळख नीट करून घेतली तर त्या बायोडाट्यातली गाळलेली ओळ कुठून गाळली गेली, हेही कळतं. म्हणून आज थोडं इंग्रजी, थोडं लॅटिन आणि बरंचसं हिंगोली.

एका आईची पोरं

लॅटिन भाषेत आईला ‘मातेर’ म्हणत. संस्कृतातला ‘मातृ’, फारसीतला ‘मादर’, इंग्रजीतला ‘मदर’ ही सगळी त्याच घरातली भावंडं. मॅटर्निटी वॉर्ड हा शब्द तर सरळच आहे, त्यात आई दिसते. पण काही शब्दांत ती लपलेली आहे.

तुमच्यातले बरेच जण स्पर्धा परीक्षेसाठी किंवा नोकरीसाठी पुण्याला जातात. तिथं ज्या मेट्रोत बसता, तिच्यात आई आहे. ग्रीक भाषेत ‘मेट्रोपोलिस’ म्हणजे आई-शहर. ज्या शहरातून माणसं निघाली आणि दुसरीकडे जाऊन त्यांनी नवी वस्ती केली, ते मूळ शहर. त्यावरून मेट्रोपॉलिटन, आणि लंडनमध्ये १८६३ साली सुरू झालेली जमिनीखालची रेल्वे ‘मेट्रोपॉलिटन रेल्वे’. तोच शब्द आखूड होत होत मेट्रो झाला.

मॅट्रिकचंही तसंच. लॅटिनमध्ये ‘मात्रिक्स’ म्हणजे आधी पिलं देणारी मादी, मग गर्भाशय, आणि पुढं नावांची यादी. त्या यादीचं धाकटं रूप म्हणजे ‘मात्रिकुला’, नोंदवही. विद्यापीठाच्या नोंदवहीत नाव चढणं म्हणजे मॅट्रिक्युलेशन. आपल्या आजोबांच्या पिढीत ‘मॅट्रिक पास’ म्हटलं की गावात माणूस वजनदार व्हायचा. म्हणजे पोरगं एका नव्या आईच्या वहीत नोंदवलं गेलं. ज्या कॉलेजात आपण शिकलो त्याला इंग्रजीत ‘अल्मा मेटर’ म्हणतात, तेही यातलंच. अर्थ : पोसणारी आई.

आता मॅट्रिमनी. ‘मातेर’ला लॅटिनमधला ‘मोनियम’ हा प्रत्यय लागला. त्याचा अर्थ स्थिती, अवस्था. मात्रिमोनियम म्हणजे आईपण, आई होण्याची स्थिती. रोमन लोक लग्नासाठी हा शब्द वापरत. तिथून तो फ्रेंचमध्ये गेला, आणि इसवी सन १३०० च्या आसपास इंग्रजीत आला. गंमत बघा, लग्नाच्या या शब्दात नवरा नाही, प्रेम नाही, सोबत नाही. फक्त आई आहे. लग्न कशासाठी, तर बाईनं आई व्हावं म्हणून. एवढं साधं गणित त्या शब्दात घालून ठेवलंय.

आता ‘आई’च्या जागी ‘बाप’ ठेवा. लॅटिनमध्ये बाप म्हणजे ‘पातेर’, आपला ‘पितृ’. त्यालाही तोच प्रत्यय लावला की होतं पात्रिमोनियम, इंग्रजीत पॅट्रिमनी. मातेरचा अर्थ ‘आईपण’ झाला, तर याचा अर्थ ‘बापपण’ व्हायला पाहिजे. पण तसं झालं नाही. पॅट्रिमनी म्हणजे बापाकडून आलेली मालमत्ता. वडिलोपार्जित इस्टेट.

प्रत्यय तोच. आईला लावला तर लग्न, बापाला लावला तर जमीन.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. एमिल बेनवेनिस्त नावाचे मोठे फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ होऊन गेले. १९६९ साली आलेल्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी हे दाखवून दिलं की रोमन भाषेत या लग्नाबद्दल बोलताना तीन क्रियापदं येतात. बाप मुलीला मात्रिमोनियममध्ये ‘देतो’. नवरा तिला ‘नेतो’. आणि मुलगी ‘जाते’. करणारे दोघं पुरुष, आणि जिचं लग्न ती नुसती जाणारी.

लेक कुठं दिली?

रोम आपल्यापासून फार लांब आहे असं वाटत असेल, तर पुढच्या लग्नसराईत कान उघडे ठेवून बसा. ‘यांची थोरली कुठं दिली?’ ‘कळमनुरीला दिली.’ ‘पोरगी कुठली केली?’ ‘सेनगावकडची केली.’ ‘नांदायला गेली का?’ ‘गेली की.’ देणं, करणं, जाणं. क्रियापदं तीनच, आणि त्यांची वाटणीही तशीच. ‘विवाह’ या संस्कृत शब्दात ‘वह्’ हा धातू आहे : वाहून नेणं.

आशीर्वाद ऐका. ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव.’ निघताना ओटी भरतात, ती पोटाशी धरलेल्या पदरातच भरतात. वर्ष झालं की शेजारच्या काकू विचारतात, ‘काय गं, पाळणा कधी हलतोय?’ दोन वर्षं झाली की विचारायची पद्धत बदलते. तीन झाली की दवाखाना, देवऋषी, उपास सगळं तिच्याच वाट्याला येतं. त्याची तपासणी नंतर, झाली तर. मात्रिमोनियमचा लॅटिन अर्थ आमच्या आया-बायांना कुणी शिकवावा लागला नाही, त्या तो जगत आल्यात.

खरं तर रोजच्या मराठीतला शब्द या सगळ्यांपेक्षा बरा आहे. लग्न. ‘लग्’ म्हणजे लागणं, चिकटणं, जोडलं जाणं. त्यात कुणी कुणाला देत नाही आणि नेत नाही. दोन माणसं जोडली जातात, एवढंच. चांगला शब्द आपल्याजवळ आहे. वागणं मात्र दुसऱ्या शब्दाचं आहे.

आणि एक शब्द आहे, जो ऐकला की आपल्या आयांचा आवाज बदलतो. माहेर. त्याचं मूळ ‘मातृगृह’ असं सांगतात. मातृगृहाचं प्राकृतात माइहर, आणि मराठीत माहेर. आईचं घर. सासर हे सासऱ्याचं. म्हणजे लग्न झालेल्या बाईची दोन घरं : एक आईच्या नावाचं, एक सासऱ्याच्या नावाचं. तिच्या स्वतःच्या नावाचं घर भाषेतसुद्धा नाही.

बरं, माहेर आईच्या नावाचं म्हणावं, तर त्या घराचा आठ-अ काढून बघा. बहुतेक घरांत आईचं नाव त्यावर नसतं. ते वडिलांचं असतं, त्याआधी आजोबांचं होतं, पुढं भावाचं होणार असतं. आई त्या ‘आईच्या घरात’ स्वतः सासुरवाशीण म्हणून आलेली असते. शब्द आईचा, सातबारा बापाचा. मॅट्रिमनी आणि पॅट्रिमनी लॅटिनमधून उचलून वसमतला किंवा औंढ्याला आणून ठेवले, तरी ते आपापल्या जागी चपखल बसतात.

कायदा पुढं गेलाय

कुणी म्हणेल, जुन्या शब्दांच्या मुळाशी काहीही असू दे, आज त्याचं काय? रास्त प्रश्न आहे. ‘मॅट्रिक’ म्हणताना कुणाला गर्भाशय आठवत नाही, मेट्रोत बसताना कुणाला आई आठवत नाही. शब्द आपलं मूळ विसरतात. मग मॅट्रिमनीनंही विसरावं की! कायद्यानं तर ते कधीच विसरायला लावलंय. विसरलो नाही ते आपण.

हा कायदा माहीत पाहिजे, कारण तो तुमच्या वयाच्या पोरापोरींसाठीच आहे.

मुलाला जन्मतःच घरच्या जमिनीत वाटा, हे सूत्र ज्या ‘मिताक्षरा’ ग्रंथातून देशाच्या मोठ्या भागात मान्य झालं, तो लिहिणारे विज्ञानेश्वर चालुक्यांच्या कल्याणी इथं राहत. म्हणजे आजचं बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेला लागून. साधारण नऊशे वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच ग्रंथानं स्त्रीधनाची व्याख्या मोठी केली आणि ते आधी मुलींकडे जावं असंही सांगितलं. पण आपण लक्षात काय ठेवलं? पहिला अर्धा भाग.

स्वातंत्र्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिल मांडलं. त्यात मुलीच्या वाट्याचा प्रश्न होता. बिल अडवलं गेलं आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५६ साली हिंदू वारसा कायदा आला, त्यानं मुलीला वडिलांच्या हिश्श्यातला वाटा दिला. पण एकत्र कुटुंबाच्या जमिनीत जन्मतः हक्क मुलाचाच राहिला. १९९४ साली महाराष्ट्रानं स्वतःची दुरुस्ती केली आणि मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. मात्र त्या तारखेच्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. वाचताय ना? मॅट्रिमनी झालेलीला पॅट्रिमनीतून वगळलं, चक्क कायद्याच्या कलमात. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर लागू झालेल्या दुरुस्तीनं ही भिंतही पाडली : लग्न झालेली असो वा नसो, मुलगी जन्मानंच हक्कदार. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं, २००५ मध्ये वडील हयात असायला हवेत असंही नाही.

एक गोष्ट सांगायलाच हवी. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागू आहे. अनुसूचित जमातींना तो थेट लागू होत नाही. आपल्या जिल्ह्यात, विशेषतः कळमनुरी भागात, आंध समाज मोठा आहे. त्या घरांतल्या मुलींची वाट अजून अवघड आहे. मुस्लिम कुटुंबांत मुलीचा वाटा व्यक्तिगत कायद्यानं आधीपासून ठरलेला आहे, मुलाच्या निम्मा. तोही किती घरांत हातात पडतो, हे आपापल्या मोहल्ल्यात विचारून बघा.

साडी घे, सही कर

मग कायदा असून जमीन जाते कुठं? ती हक्कसोडपत्रात जाते.

वडील वारले की वारसांची नोंद होते. फेरफारावर आई, भाऊ, बहिणी सगळ्यांची नावं येतात. तलाठ्याकडून सातबारा हातात आला की बहिणींना फोन जातो. ‘ताई, एक दिवस ये, सही पाहिजे.’ ताई येते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठा-फोटो होतो, साडीचोळी होते, जेवण होतं, आणि ताई संध्याकाळच्या एसटीनं परत जाते. कुणी भांडत नाही, कुणी रडत नाही. सगळं प्रेमानं होतं, म्हणून तर त्याबद्दल कुणी लिहीत नाही.

ताई सही का करते? कारण तिला माहीत असतं की वाटा मागितला तर माहेर तुटेल. उद्या नवऱ्यानं मारलं, दीर-जावेनं घराबाहेर काढलं, तर जायला एकच दार आहे, ते बंद होईल. म्हणून ती जमीन देऊन दार विकत घेते. जे घर तिच्या आईच्या नावानं ओळखलं जातं, त्यात फक्त पाहुणी म्हणून येता यावं, एवढ्यासाठी ती एकर-दोन एकर सोडते.

भावाची बाजूही खोटी नाही. जमीन असते अडीच एकर. त्यावर सोसायटीचं कर्ज असतं. त्यातच बहिणीच्या लग्नाला घेतलेले पैसे असतात. तो म्हणतो, ‘तिच्या लग्नात पाच लाख गेले, तोच तिचा वाटा.’ गावात हे सगळ्यांना पटतं. पण जरा हिशोब मांडा. ते पाच लाख कुणाच्या हातात गेले? मंडपवाल्याच्या, केटरिंगवाल्याच्या, आणि हुंडा दिला असेल तर सासऱ्याच्या. हुंडा घेणं-देणं हा १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहेच. पण त्याच कायद्यात असंही कलम आहे की कुणी तो घेतलाच, तर ती रक्कम त्या मुलीच्या नावावर करायला पाहिजे. झालीय का कुणाच्या? मुलीच्या नावानं खर्च होतो, मुलीच्या नावावर काही होत नाही. हीच मॅट्रिमनी.

भावांनो, यात तुमचाही तोटा आहे. मुलीला वाटा नाही, म्हणून तिच्या लग्नात मोठा खर्च करून बापाला आपली शान राखावी लागते. त्या खर्चासाठी एकर-अर्धा एकर विकलं जातं. म्हणजे जमीन घराबाहेर जातेच. फक्त बहिणीकडे न जाता सावकाराकडे जाते.

हळदीचे हात

हिंगोली जिल्ह्यात राहून हळदीबद्दल बोललो नाही तर कसं चालेल? वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हिंगोली, वसमतच्या बाजारात हंगामात लांबलांबून गाड्या येतात. भाव चांगला लागला की आपल्या सगळ्यांची छाती फुगते.

हळदीची लागवड करताना बेणं म्हणून जेठे गड्डे ठेवतात. कृषीच्या पुस्तकात त्याला मातृकंद म्हणतात. आई-कंद. सगळी हळकुंडं तिच्या अंगातून फुटतात. लॅटिनमधला ‘मात्रिक्स’ आणि आपल्या रानातला मातृकंद, दोन भाषांनी एकच कल्पना केली.

आता रानात उभं राहून बघा. बेणं लावायला बाया. निंदायला बाया. काढणीनंतर गड्डे मोडायला, वेचायला, शिजवून वाळवताना उन्हात पसरायला बाया. मालाची गाडी मात्र बाप्ये घेऊन जातात, आणि बाजारातली पट्टी सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या नावानं निघते. हंगामभर ज्यांचे हात पिवळे होतात, त्यांचं नाव त्या पट्टीवर नसतं. आणि मुलीचं लग्न करून दिलं की आपण काय म्हणतो? ‘पोरीचे हात पिवळे केले.’

नाव कागदावर असणं ही मानापानाची गोष्ट नाही. सातबाऱ्यावर नाव नसेल तर पीककर्ज मिळत नाही, पीएम किसानचा हप्ता येत नाही, नुकसानभरपाईची यादी लागली तर त्यात नाव येत नाही. नवरा गेल्यावर तीच जमीन कसणाऱ्या बाईला आधी आपण ‘शेतकरी’ आहोत हेच सिद्ध करत फिरावं लागतं. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांत बायकांचं प्रमाण सुमारे १४ टक्के होतं. रानात त्या किती टक्के असतात, हे तुम्हाला आकड्याशिवाय माहीत आहे.

यावर आपल्या राज्यात एक प्रयोग झालेला आहे. १९९० च्या आसपास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ नावाची मोहीम काढली. आवाहन साधं होतं : शेतकऱ्यांनी आपल्या हयातीतच जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करावा. गावोगावच्या शेतकऱ्यांनी तो केला. कुणावर सक्ती नव्हती, कोर्ट नव्हतं. पुढं १९९२ साली सरकारनंही पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. तुमच्या वडिलांना किंवा चुलत्यांना हे आठवत असेल, विचारा.

मॅट्रिक ते मॅट्रिमनी : अंतर किती?

आता पुन्हा त्या दोन भावंडांकडे येऊ. दहावीला आपण पंधरा-सोळा वर्षांचे असतो. मुलीच्या लग्नाचं कायदेशीर वय १८. मॅट्रिक आणि मॅट्रिमनी यांच्यात कमीत कमी दोन-तीन वर्षांचं अंतर पाहिजे, हे कायदा सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. मराठवाड्यातले अनेक जिल्हे या सरासरीच्या वर आहेत, आणि त्यात आपला हिंगोलीही आहे.

का, याचं उत्तर ‘लोक अडाणी आहेत’ हे नाही. कॉलेज लांब, शेवटची एसटी लवकर. आई-बाप ऊसतोडीला सहा महिने बाहेर, पोरगी घरात एकटी कशी ठेवायची हा घोर. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात, जोडीला उचल मिळते. पोराचं लग्न झालं की घरात आणखी एक कोयता तयार होतो. आणि पोरीला वाटा द्यायचाच नसल्यामुळं ती घरात जितकी जास्त राहील तितका ‘खर्च’ वाटते.

नेमकं इथं मॅट्रिकचं आणि मॅट्रिमनीचं भांडण आहे. एक शब्द म्हणतो, नाव वहीत चढव. दुसरा म्हणतो, पोर पोटात वाढव. आई व्हायला कुणाचा विरोध नाही. आईपण ही मोठी गोष्ट आहे. पण आपलं नाव नोंदवून झाल्यावर, आपल्या पायावर उभं राहून, आपल्या मर्जीनं. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठराविक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालंय. नोंदवहीचं दार थोडं उघडलंय. निदान तेवढी बातमी तरी वाडी-तांड्यावर पोचवा.

आणि नावाची आणखी एक बातमी. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांच्या नावात, आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम राज्य सरकारनं सक्तीचा केलाय. १ मे १९९९ ला आपला जिल्हा परभणीपासून वेगळा झाला. म्हणजे हिंगोली जिल्हा पंचवीस वर्षांचा झाला, त्याच दिवशी आईचं नाव बापाच्या नावाआधी आलं. योगायोगच, पण छान आहे. फक्त एवढ्यावर खूश होऊ नका. जन्माच्या दाखल्यावर आई आली. सातबाऱ्यावर यायची आहे.

शब्द बदलतात, पण आपोआप नाही

फ्रेंच भाषेत पूर्वी ‘मात्रिम्वान’ असा एक शब्द होता. अर्थ : आईकडून आलेली मालमत्ता. म्हणजे पॅट्रिमनीची खरी जोडीदारीण. पुढं तो वापरातून गेला आणि बापाकडचा शब्द तेवढा राहिला. २०१५ पासून तिथं काही मंडळी बायकांनी मागं ठेवलेल्या कलेचा-कामाचा उत्सव त्याच जुन्या शब्दाच्या नावानं साजरा करतात. गेलेला शब्द परत आणता येतो, मात्र कुणीतरी तो मुद्दाम वापरावा लागतो.

आपल्याला मोर्चा काढायचा नाही, घरात भांडणही लावायचं नाही. चार गोष्टी करता येतात. महाभूलेखच्या वेबसाइटवर आपल्या घरचा सातबारा फुकट बघता येतो. मोबाईल हातातच आहे, बघा. आईचं नाव आहे का? नसेल तर वडिलांशी बोला. जमीन वाटायची नाही, तिचं नाव सोबत लावायचं आहे. मुलींनो, कुणी कितीही प्रेमानं बोलावलं तरी वाचल्याशिवाय हक्कसोडपत्रावर सही करू नका. सोडायचंच असेल तर काय सोडतोय हे कळून सोडा. मुलांनो, तुम्ही तर आधी बोलू शकता. ‘ताई, तुझा वाटा तुझा, आणि माहेर पण तुझंच’ हे वाक्य बहिणीनं मागायच्या आत भावाच्या तोंडून आलं, तर तिला दोन्हींतलं एक निवडायची वेळच येत नाही.

आणि आज रात्री जेवताना आईला एक प्रश्न विचारा. तुझ्या माहेरच्या जमिनीचं काय झालं? उत्तर द्यायला ती जरा वेळ घेईल. घेऊ द्या. मध्ये बोलू नका.